गिरणीच्या आत नेमकं काय चालायचं?

डिलाईलरोडकर
गिरणगावावर कुणी काही लिहिलं की ठरलेल्या चार गोष्टी येतात. गणपती, दहीहंडी, ८२ चा संप आणि आता तिथे झालेले मॉल. मला त्याचा कंटाळा आलाय असं नाही, मी पण त्यातच वाढलोय. पण परवा पुतण्याने विचारलं की पणजोबा गिरणीत काय करायचे आणि घरातल्या एकालाही धड सांगता येईना. "त्रासनमध्ये होते" एवढंच सगळ्यांना पाठ. त्रासनमध्ये म्हणजे काय, हाताने काय करायचे, उभं राहून की बसून, कशाने थकायचे, कुणालाच पत्ता नाही. अडीच लाख माणसं या कामावर होती आणि कामच कुणाला माहीत नाही, हे जरा विचित्र वाटतं.

तर ज्यांच्या घरी कुणी गिरणीत होतं त्यांनी खातं सांगा, काम सांगा, ऐकलेलं असेल तर तेही चालेल. संप कुणामुळे फसला याचा निकाल कृपया इथे लावू नका, त्याला वेगळा धागा काढा (कुणी ऐकणार नाही हे माहितीय).

मधली_सुट्टी
खूण साठवली. वाचतेय.

घाटावरचा_गडी
आमचे दादा म्हणजे वडील साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लोअर परळला. मूळ गाव पाटण तालुक्यात. दोन साचे चालवायचे, दोघांच्या मधे उभं राहून एकदा इकडं एकदा तिकडं. बसायचं नावच नाही. धोटा म्हणजे आडवं सूत नेणारी लाकडी होडी, ती फटाफट इकडून तिकडं जाते, त्यातली सुताची कांडी संपली की साचा थांबवायचा, नवीन कांडी घालायची, परत चालू, तेवढ्यात दुसऱ्या साच्यावर ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटलेला असतो तो फणीतून ओवून गाठ मारायची. लक्ष गेलं नाही आणि तसंच विणत गेलं तर कापडात रेघ पडते आणि पैसे कापतात. पैसे उक्त्यावर, जेवढं कापड तेवढे, म्हणून लघवीला जायचं तरी शेजारच्या साचेवाल्याला सांगून जायचं, तो तेवढा वेळ चार बघणार.

आणि आवाज. शेकडो साचे एका छपराखाली. कानाला कान लावून बोललं तरी ऐकू येत नाही म्हणून सगळं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर. दादा घरी पण तसंच करायचे. आईला चहा पायजे असला तर तोंडाने न बोलता नुसती अंगठ्याने खूण, आणि बोलले तर अख्ख्या चाळीला ऐकू जायचं. आमच्याकडं गुपित असं काही नव्हतंच 😄 टीव्ही आला तेव्हा तर विचारू नका.

उंटावरचा_शहाणा
संपाचा निकाल लावायचा नाही म्हणे. मग धागा चालणार कसा 😀 असो. आत काय चालायचं याचं उत्तर सोपं आहे, शंभर वर्षं जुनी मशिनं चालायची. मालकांनी नफा बाहेर नेला, मशिनं बदलली नाहीत आणि भिवंडीत पॉवरलूमवाला निम्म्या खर्चात तेच कापड काढत होता. संप झाला नसता तरी हे सगळं दहा वर्षांत बंदच पडणार होतं.

खवट_म्हातारा
शहाणेराव, उंटावरून खाली या. सगळीच मशिनं जुनी नव्हती आणि सगळेच मालक सारखे नव्हते. पण ते राहू द्या, धागाकर्त्याने विनंती केलीय.

घाटावरच्या गड्याने दोन साचे म्हटलं ते महत्त्वाचं. माणशी दोन साचे हा हिशोब मोडायला मालक निघाले तिथूनच १९२८ चा मोठा संप पेटला. दोनाऐवजी तीन साचे घ्या, सूतखात्यात कातायच्या यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा, म्हणजे कितीतरी माणसं घरी. सहा महिने गिरण्या बंद होत्या आणि त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली, लाल बावट्याची. लोकांना वाटतं संप म्हणजे फक्त पगार आणि बोनस. तेव्हाचं भांडण एका माणसाने किती यंत्रं बघायची याचं होतं.

आणि तुम्ही सगळे रविवारी बारा वाजता उठता ना, ती सुट्टी पण गिरणी कामगारांमुळेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, १८९० च्या जूनपासून रविवारची सुट्टी मिळायला लागली.

मधली_सुट्टी
काका आज रविवारच आहे आणि मी अकराला उठले. लोखंड्यांना नमस्कार 🙏

चिंचपोकळीची_लेक
माझी आई वाइंडिंगला होती, लग्नाआधी आणि नंतर पण बरीच वर्षं. बायका बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंगलाच असायच्या, बाकी खात्यांत फार नाही, आणि रातपाळी बायकांना नव्हती. काम म्हणजे लहान बॉबिनीवरचं सूत मोठ्या कोनावर गुंडाळायचं, मशिनच गुंडाळतं पण तुटलं की तुम्ही जोडायचं, बॉबिन संपली की बदलायची. दिवसभर पायावर. आईच्या बोटांची पेरं बघितली तर आत बारीक चिरा होत्या सुताच्या, हळद लावून झोपायची. गाठ एका हाताने मारायची ती, खरंच एका हाताने, मला शिकवायचा प्रयत्न केला, दोन हातांनी पण जमली नाही.

केसात कापूस. अंबाडा सोडला की पांढरं पांढरं उडायचं. आजी म्हणायची ही रोज म्हातारी होऊन येते आणि न्हाऊन परत तरणी होते.

पण मला खरं लिहायचंय ते माझ्या मावशीबद्दल, तिची खानावळ होती. गिरणीच्या आतलं काम विचारताय तर खानावळीशिवाय ते काम चाललंच नसतं म्हणून विषयातच धरा. गावाकडून आलेले सडे पुरुष, एका खोलीत वीस वीस जण, ते जेवणार कुठे. मावशीकडे पंधराएक मेंबर असायचे. पहिल्या पाळीचे डबे पहाटे तयार, मग दुसऱ्या पाळीवाले दुपारी निघायच्या आधी घरात बसून जेवणार, रात्री बारानंतर सुटलेले परत. म्हणजे चूल विझायची कधी हा प्रश्न. सुट्टीच्या दिवशी मटण आणि त्या दिवशी कुणाला किती फोडी गेल्या यावरून रुसवे. मेंबर पैसे देणार पगार झाल्यावर, पण धान्यवाला उधार किती थांबणार, म्हणून मग सावकार, आणि सावकाराचं व्याज फेडण्यात सगळी मिळकत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणूनच. मावशी त्यात होती, फॉर्मवर सही करायला तिथेच शिकली.

रातपाळी_स्पेशल
लेकताई सुंदर लिहिलंय. व्याजाने पैसे देणारा पठाण विसरलात 😄 पगाराच्या दिवशी गेटबाहेर काठी घेऊन उभा. आमचे आजोबा मागच्या गेटने पळायचे, एकदा तिथे पण पठाण होता.

भाऊचा_धक्का
वीस जण एका खोलीत याचं गणित सांगतो. आमच्या गावाची (राजापूर तालुका) खोली होती, गावकीची. भाडं सगळ्यांनी मिळून. तीन पाळ्या असल्यामुळे वीसच्या वीस जण एका वेळी कधीच आत नसायचे, सात जण कामावर, सात जण झोपलेले, बाकीचे नाक्यावर नाहीतर भजनाला. एक वळकटी गुंडाळली की त्याच जागेवर दुसरी पसरायची. ट्रंका भिंतीला उतरंडीसारख्या. पाळी बदलली की झोपायची जागा बदलायची आणि त्यावरून भांडणं, कारण खिडकीजवळची जागा सगळ्यांनाच पाहिजे.

सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. आमच्या वाडीतली पोरं घड्याळ वाचायच्या आधी पाळ्या शिकली. पावसाळ्यात बोट बंद म्हणून होळीला आणि मे महिन्यात गावाला जायचं ते भाऊच्या धक्क्यावरून. माझं टोपणनाव तिथूनच.

निळी_शाई
साचेखात्याबद्दल वर बरंच आलं पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. धोट्यात नवीन कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला तोंड लावून ओढून घ्यावं लागायचं. एकाच धोट्याला पाळीपाळीने अनेकांची तोंडं लागणार. म्हणून साचेखात्यात आमच्या लोकांना घेत नव्हते. "बाटेल" म्हणून. आणि साचेखात्यातच पैसे जास्त होते. आमची माणसं सूतखात्यात, तेही कमी पगाराच्या कामावर. वर खवट काका १९२८ च्या संपाचं सांगतायत, त्याच संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला होता की सगळी खाती सगळ्यांना खुली करा. युनियनच्या पुढाऱ्यांना ते जड गेलं होतं. मालकाने घातलेली बंदी नव्हती ती, शेजारच्या कामगाराची होती. एकजुटीची गाणी म्हणताना हे पण म्हणत जा.

माझे पणजोबा सूतखात्यात होते. आजोबांना पुढे साचा मिळाला, स्वातंत्र्यानंतर.

घाटावरचा_गडी
निळी शाई, दादा धोटा चोखायचे हे मी ऐकलंय, ओठाला कायम सूत लागलेलं असायचं म्हणायचे. पण ही बाजू आमच्या घरात कधीच बोलली गेली नाही. आता का नाही ते कळतंय.

खवट_म्हातारा
निळी शाई यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्या तोंड लावण्यामुळे क्षय पसरायचा हेही खरं. छातीत कापसाची धूळ वेगळीच.

कांदेपोहे_कर्ता
अवांतर: लालबागला चिवडा गल्लीत हल्ली कुठला चिवडा चांगला मिळतो? पातळ पोह्यांचा.

मधली_सुट्टी
दिवाळी लांब आहे हो 😂

रातपाळी_स्पेशल
चिवड्याचं माहीत नाही पण शेजारी मिरची कांडून मिळते तिथे एप्रिलमध्ये जाऊ नका, डोळे जातात. गिरण्या गेल्या पण मिरची कांडायचे डंख चालू आहेत, तोच गिरणगावातला शेवटचा भोंगा समजा.

सोलापुरी_चादर
मुंबईकर नेहमी गिरणगाव म्हणजे परळच समजतात. आमच्याकडं जुनी गिरणी १८७७ ची. भोंगा झाला की अख्खं सोलापूर जागं. आमच्याकडं तेलुगू पद्मशाली लोक विणकामात, घरात पण माग आणि गिरणीत पण माग. त्यामुळं गिरणी बंद पडल्यावर लोक घरच्या पॉवरलूमवर गेले, मुंबईच्या कामगाराकडं तसं काय नव्हतं, दहा बाय दहाच्या खोलीत माग कुठं टाकणार. चादर टॉवेल अजून चालू आहे पण पोरं पुण्याला पळतात.

अहमदाबादवासी_मराठी
सोलापुरी दादांच्या पुढे एक. इथे अहमदाबादेत गिरण्यांचा मोठा पट्टा होता आणि इथे मुंबईसारखा संप झालेला नाही. तरी ८० च्या आणि ९० च्या दशकात धडाधड बंद. म्हणजे संपामुळेच गिरण्या मेल्या हे एवढं सरळ नाही.

उंटावरचा_शहाणा
तेच तर म्हणत होतो!! धन्यवाद.

काळाचौकी_कट्टा
शहाणेराव अर्धंच घेऊ नका. अहमदाबादेत बंद पडल्या, ठीक. पण मुंबईत जमिनीला भाव होता. १९९१ च्या विकास नियमावलीत होतं की गिरणीची जमीन विकायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ ला त्यात बदल केला, फक्त मोकळी जमीनच मोजायची, म्हणजे जिथे शेड उभी आहे ती सगळी मालकाची. गिरणीत जमीन मोकळी असतेच किती. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तेच ठेवलं. आमचा एक नातेवाईक तर म्हणायचा की आमची शेड आम्ही वापरली म्हणून ती आमच्याच विरुद्ध मोजली.

आणि ८२ च्या मागण्या एकदा वाचा. नुसता पगार नव्हता. बदलीवाल्यांना कायम करा ही पण मागणी होती, आणि ज्या कायद्याने एकाच युनियनला मान्यता मिळते तो १९४६ चा कायदा बदला ही पण. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, त्यांच्याकडे लोक हौसेने गेले नव्हते, मान्यताप्राप्त युनियनला कंटाळून गेले होते.

डिलाईलरोडकर
झालं, संप आलाच 😄 पण बदलीवरून आलाय म्हणून माफ. बदली कामगार म्हणजे काय ते कुणी नीट सांगाल का, हा शब्द आमच्या घरातही होता.

रातपाळी_स्पेशल
माझा चुलता बदली. कार्ड असायचं. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमचा माणूस आजारी, गावाला गेला, दारू पिऊन पडला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. नाही मिळालं तर घरी, किंवा पुढच्या पाळीला परत उभं. महिन्यात दहा दिवस मिळाले तर दहा दिवसांचा पगार. आणि कुणाला आत घ्यायचं ते जुन्या काळी जॉबरच्या म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या हातात, म्हणून जॉबरला कोंबडी, जॉबरच्या पोरीच्या लग्नात राबणूक. चुलता अशा अवस्थेत केस पिकेपर्यंत होता. मे महिन्यात सगळे गावाला गेले की त्याची चांदी, म्हणून तो स्वतः कधी मे महिन्यात गावाला गेला नाही, आंबा मुंबईतच विकत घेऊन खाल्ला.

काचेच्या_ऑफिसातला
मी लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या कंपाउंडमध्ये काम करतो. चिमणी ठेवलीय, खाली लाईट लावलेत, लोक सेल्फी काढतात. आमचा हाऊसकीपिंगचा एक जण शेजारच्या चाळीतला, त्याचे वडील याच कंपाउंडमध्ये सूत कातायच्या रिंगफ्रेमवर होते. तो कंत्राटावर, अकरा महिन्यांनी कागद बदलतात. वरचं बदलीचं वाचून त्याला दाखवलं तर म्हणाला, साहेब बाबांना निदान कार्ड तरी होतं.

अवांतर: आमच्याकडे एसी इतका असतो की मेमध्ये स्वेटर घालतो. गिरणीत गरम असायचं का?

घाटावरचा_गडी
गरम? आत भट्टी. खिडक्या बंद, वरून पाण्याचे बारीक फवारे कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. सुताला दमट पाहिजे म्हणून माणसाने घामात उभं राहायचं. दादा आत चड्डी बनियनवर. हिवाळ्यात रातपाळी सुटली की त्या दमटातून एकदम बाहेर थंडीत, खोकला तिथूनच सुरू. छातीसाठी रोज गुळाचा खडा खायचे, गुळाने कापूस खाली उतरतो अशी समजूत होती. उतरला नाही. शेवटी कामगार विम्याच्या (ईएसआय) गांधी हॉस्पिटलात खेपा.

नातू_लॉटरीवाला
घरांचं कुणीच बोललं नाही. म्हाडाची गिरणी कामगारांची पहिली लॉटरी २०१२ ला, साडेसहा हजारांच्या वर घरं होती, अर्ज दीड लाखाच्या आसपास. आजोबा वारले, मग आजीच्या नावावर फाईल, आता वडील फेऱ्या मारतात. आता मुंबईबाहेर शेलू वांगणीची घरं घ्या म्हणतात. परळला आयुष्य गेलं त्याला वांगणी. त्यासाठी २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर मोर्चा होता, पंच्याहत्तरीच्या पुढची माणसं पावसात बसली होती, वडील गेले होते.

उंटावरचा_शहाणा
याच्यावर मात्र माझा काहीही वाद नाही.

खवट_म्हातारा
नोंद घ्यावी, शहाणेराव गप्प झाले. धागा सार्थकी लागला.

रिंगफ्रेम_६८
उशिरा आलो. मी व्हीजेटीआयचा टेक्स्टाईल डिप्लोमा करून गिरणीत सुपरवायझर लागलो होतो, ६८ साली. धागाकर्त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं दिसत नाही म्हणून लिहितो, जरा लांब होईल.

कापसाच्या गाठी येतात. त्या फोडून ब्लोरूममध्ये कापूस पिंजून कचरा काढतात, सगळ्यात जास्त धूळ इथे आणि पुढे कार्डिंगला. कार्डिंगमध्ये कापूस विंचरून त्याची जाड मऊ वळी होते. त्या वळ्या एकत्र ओढून सारख्या करतात, मग स्पीडफ्रेमवर बारीक करून थोडा पीळ देतात. तिथून रिंगफ्रेमला. धागाकर्ते, तुमचे आजोबा इथे. त्रासन म्हणजे हेच, सूत कातायचं खातं. एका फ्रेमला दोन्ही बाजू मिळून चारशेच्या आसपास चात्या म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या उभ्या काड्या, सगळ्या एकदम फिरतात. माणसाचं काम म्हणजे त्या लांबलचक रांगेसमोरून सतत चालायचं आणि जिथे तार तुटली तिथे जोडायची. चाती थांबवायची गुडघ्याने किंवा बोटाने, सुताचं टोक शोधायचं, वरून येणाऱ्या कापसाला नेमकं चिकटवायचं आणि सोडायचं. क्षणाचं काम, पण एक जोडेपर्यंत पुढे तीन तुटलेल्या. जुना माणूस रांगेकडे न बघता सांगायचा कुठे तुटलंय, कारण तिथे कापसाचा बारीक धूर उडतो आणि त्याला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. बॉबिनी भरल्या की डॉफर पोरं येऊन भराभर काढणार आणि रिकाम्या लावणार, तेवढीच फ्रेम थांबते, तेवढाच श्वास. आजोबा उभं राहून नाही, चालून थकायचे. एका पाळीत किती मैल होत असतील हे आम्ही कधी मोजलं नाही, मोजलं असतं तर पगार द्यावा लागला असता.

पुढे वाइंडिंग, लेकताईंच्या आईचं खातं. मग वार्पिंग, हजारो धागे शेजारी शेजारी बीमवर म्हणजे मोठ्या रुळावर. मग सायझिंग, ताण्याला खळ लावायची म्हणजे साच्यावर घासून तुटत नाही. खळ चिंचोक्याच्या पुडीची, शिजली की आंबूस वास, तो वास कपड्यातून जात नाही, सायझरची बायको वासावरून ओळखायची नवरा कामावर होता की पिक्चरला. मग धागा न् धागा फणीतून ओवायचा, दोन माणसं समोरासमोर बसून, हे एकच काम बसून असायचं. मग साचा. मग फोल्डिंग, ब्लीचिंग, छपाई.

लोक म्हणतात अडाणी कामगार. हातात ते कसब यायला दोन तीन वर्षं जायची आणि आम्ही डिप्लोमावाले तार जोडायला गेलो की दहा तोडून यायचो, पोरं हसायची.

चिंचपोकळीची_लेक
सायझरची बायको 😂😂 काका अजून लिहा. वेगळा धागाच काढा.

डिलाईलरोडकर
रिंगफ्रेम काका, शतशः आभार. पुतण्याला वाचून दाखवलं, तो आता घरात रांगेतून चालत दोऱ्या जोडतोय, माझी आई वैतागलीय. काका, आजोबांचा डावा गुडघा कायम दुखायचा, चाती गुडघ्याने थांबवायची म्हणालात तेव्हा घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्याचा संबंध असेल का?

रिंगफ्रेम_६८
असू शकेल. रांगेत कुठल्या हाताला चालायचे त्यावर गुडघा ठरतो. ते आता कोण सांगणार. गिरणी कुठली आणि साल कुठलं ते कळवा.

घाटावरचा_गडी
दादांना आत्ता सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला (म्हणजे शेजाऱ्यांना पण). त्यांचं म्हणणं, खळ सगळीकडे चिंचोक्याची नव्हती, आमच्याकडं मक्याची होती, साहेबांना म्हणावं आमच्या गिरणीचं पण लिहा. आणि विचारतायत की साहेब कुठल्या गिरणीत होते, लाईन जॉबर कोण होता. जॉबरचं नाव कळलं की साहेब कसे होते ते सांगतो म्हणाले.